घासाचं नाव

१

आईला जेवायला घालायचं तर प्रत्येक घासाला नाव द्यावं लागायचं. लहान मुलांना आपण चिऊचा घास, काऊचा घास करत भरवतो ना, तसंच. फरक एवढाच की माझी आई पंचाहत्तरीला टेकलेली होती आणि मी चाळिशी ओलांडलेली. लताबाई सकाळी यायच्या, आईची आंघोळ, वेणीफणी सगळं करायच्या आणि मी कामाला गेले की तिच्याजवळ थांबायच्या. पण भरवायचं काम त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्यावर ढकललं होतं. त्यांच्या हातून आई तोंड उघडायची नाही. माझ्या हातून उघडायची, तेही आधी चौकशी करून.

"हाऊ घास कोनना शे?" असं ती विचारायची.

आई सटाण्याची. नाशकात आयुष्य गेलं, बँकेत आणि शेजारीपाजारी ती इथल्यासारखंच बोलायची. विसरायचा आजार सुरू झाला तशी ती वरची भाषा गळून पडली आणि खालची अहिराणी तेवढी उरली. घास कोणाचा हे कळल्याशिवाय ती खायची नाही, आणि एकदा झालेलं नाव पुन्हा चालायचं नाही. "तो झाया," म्हणून तोंड फिरवायची. जिला पोटच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं तिला कालच्या घासांची नावं मात्र पाठ. मला याचा राग यायचा आणि हसूही यायचं.

माझं नाव तेजस्विनी. घरात तेजू. लग्न केलं नाही, त्यामुळे तेजू म्हणणारी माणसं बाबा गेल्यावर दोनच उरली, दीपकदादा आणि आई. त्यातल्या आईनं मला दोन वर्षांत नावानं हाक मारली नव्हती. "तू कोन शे माय?" एवढंच, तेही फार गोड आवाजात. दादा पुण्याला असतो. त्यानं तिथलं एक केअर सेंटर बघून ठेवलं होतं आणि दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर आईला तिकडे हलवायचं असं आमचं ठरलं होतं. म्हणजे त्याचं ठरलं होतं. मला फक्त तिनं एकदा तेजू म्हणावं, एवढंच हवं होतं.

२

मी एका मित्रकीटकांच्या प्रयोगशाळेत काम करते. शेताला त्रास देणाऱ्या किड्यांना खाणारे किडे आम्ही वाढवतो आणि शेतकऱ्यांना विकतो. त्या वर्षी रोपवाटिकावाल्यांची गोगलगायींची ओरड होती, म्हणून नांदूरमध्यमेश्वरच्या दलदलीतून आणलेल्या एका माशीवर माझं काम चाललं होतं. आईला फार वेळ दुसऱ्यावर सोडता येईना, तेव्हा मी साहेबांना विचारून पेट्या घरीच आणल्या. म्हसरूळच्या आमच्या रो-हाउसमध्ये मागची खोली बाबांची. ती रिकामीच होती. तिथं फळ्यांवर प्लॅस्टिकचे डबे, त्यात ओला कापूस, पपईची पानं आणि करंगळीच्या नखाएवढ्या गोगलगायी.

माशी दिसायला साधी, पिवळसर तपकिरी. गंमत आहे ती तिच्या अळीची. ही अळी गोगलगायीला मारत नाही, निदान लगेच नाही. ती शंखात शिरून तिच्याशेजारी राहते. श्वासासाठी शेपटीचं टोक तेवढं शंखाच्या तोंडाशी ठेवते. आधी जे गेलं तरी चालतं ते खाते. गोगलगाय आपली फिरते, पान खाते, कुठं काही झालंय असं वाटत नाही. मग केव्हातरी शंख तोच असतो आणि आत राहणारं बदललेलं असतं.

दुपारी घरात सामसूम झाली की त्या खोलीतून बारीक आवाज यायचा, खरखर, खरखर. पानं खरवडल्याचा तो आवाज. लताबाईंना त्याची शिसारी यायची. आईला तो आवडायचा. ती खुर्ची ओढून त्या दाराशी बसायची.

३

चिमणी, कावळा, म्हैस, बोका, शेजारच्या सिंधुबाई, दूधवाला, सगळ्यांचे घास झाले. सटाण्याचे मामा, मावश्या, त्यांची पोरं झाली. माणसं संपली तेव्हा मी वस्तूंवर आले. एके दिवशी वरणभाताचा घास हातात धरून मला काही सुचेना, तेव्हा तोंडाला आलं ते बोलून गेले, की हा घास बाबांच्या लुनाचा.

आईनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि तोंड उघडलं. तो घास तिनं फार सावकाश चावला. मग स्वतःहून दुसरा मागितला.

दुसऱ्या दिवशी लताबाईंनी मला सांगितलं की आजी आज सकाळी बोलत होत्या. लुनावर मागं बसले, उतरताना सायलेन्सरला पोटरी लागली, चर्र झालं, असं काहीतरी. आणि बोलताना त्या आपली उजवी पोटरी चोळत होत्या. मला आनंदच झाला. दोन वर्षांत तिला जुनं काही आठवलं नव्हतं. भाजलं होतं ते मला, तिला नव्हे, पण टूथपेस्ट तिनंच लावली असणार, तेव्हा घोटाळा होणं साहजिक होतं.

संध्याकाळी मी माझ्या पोटरीवरचा डाग पाहिला. बांगडीच्या तुकड्यासारखा, वर्षानुवर्षं तिथंच असलेला. मी तो दिवस आठवायला गेले आणि काहीच आलं नाही. लुनाचा रंगही नाही. म्हटलं वय झालं बाई तुझं, आणि गॅसवर दूध ठेवलं.

४

आई सुधारत होती यात शंका नव्हती. वणीच्या पायऱ्यांचा घास दिला, तर चार दिवसांनी तिनं पायऱ्यांवर पाय सरकल्याचं सांगितलं. गच्चीवरच्या पतंगाचा दिला, तर मांज्यानं बोट कापल्याचं. डॉक्टर म्हणाले की असे चांगले दिवस मधून येतात, जुन्या गोष्टी बोलत राहा. म्हणून मी बोलत राहिले. औषध फुकटातलं होतं आणि लागू पडत होतं.

एका रविवारी मी पेठच्या घाटातल्या धुक्याचा घास दिला. नवीन नाव हवं होतं, एवढंच त्यामागं होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी शेखर नावाच्या एका सहकाऱ्याबरोबर गोगलगायी गोळा करायला पेठला गेले होते. तिथं जे झालं, किंवा व्हायचं राहिलं, ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

जेवण झाल्यावर आई पडली. मी शेजारी बसून तिचे पाय दाबत होते. ती गाढ झोपली होती आणि तिचा जबडा हलत होता. तोंडात काही नव्हतं, मी बोट घालून पाहिलं. तरी सावकाश, एका लयीत, ती काहीतरी चावत होती. मागच्या खोलीतली खरखर ऐकू येत होती. दोन्हींची लय एकच आहे असं मला वाटलं, आणि मग मी स्वतःलाच झापलं, की दुपारच्या सुस्तीत माणसाला काहीही ऐकू येतं.

उठल्यावर चहा घेता घेता ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माले थंडी वाजी ऱ्हायंती. त्या पोऱ्यानी माले त्यानं जाकीट दिधं. मी परत दिधंच नही."

तिनं ‘तुला’ म्हटलं नाही. ‘मला’ म्हटलं. आणि म्हणताना ती लाजली.

माझ्या कपाटात एक पुरुषी जाकीट आहे. ते कोणाचं, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मी कपाट उघडून त्यात तोंड खुपसलं. नुसता डांबरगोळ्यांचा वास आला.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी रक्त तपासून आले. बी ट्वेल्व्ह कमी निघालं. नाशकात निम्म्या लोकांचं निघतं. इंजेक्शनं सुरू केली आणि जिवात जीव आला.

५

मग तो गुरुवार आला. मी कामावरून आले, चपला काढत होते, आणि आतून आवाज आला.

"तेजू, आज उशीर झाया ना?"

मी दारातच बसले. रडले म्हणायला हरकत नाही. आई बाहेर आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली की वेडी का काय तू, आणि पदरानं माझं तोंड पुसलं. तिच्या हाताला लसणाचा वास होता. तिनं फोडणी घातली होती. लताबाई मागं उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

मी दादाला फोन लावून तिच्या हातात दिला. त्या दोघांचं बोलणं मी बाजूला बसून ऐकलं. त्यानं नंतर मला सांगितलं की सेंटरचं राहू दे. मग हसत म्हणाला, आठवतं का तेजू, आई पूर्वी अशी फोडणी घालायची की नांदगावची आत्या ठसकत अंगणात पळायची. मीही हसले. कोणती आत्या, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मला कळलं, असं म्हणायला हवं. पण मी सरळ तसं म्हटलं नाही. मी शिकलेली बाई आहे. योगायोगांची रांग लागते, थकवा असतो, इंजेक्शनांना वेळ लागतो. हे सगळं मी मनात घोकत राहिले आणि रात्री आईपुढं ताट घेऊन बसले. आता ती हातानं जेवू शकत होती. पहिले काही घास मात्र अजून माझ्याच हातून लागायचे, नावासकट.

६

मी थांबवून पाहिलं, हेही सांगते. आठवडाभर घासाला खोटी नावं दिली, पेपरात वाचलेली गावं, टीव्हीवरची माणसं. आई खायची, पण चेहरा पाणचट व्हायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी ती मला अहोजाहो करायला लागली. त्याच्या पुढच्या सकाळी तिनं लताबाईंना हळूच विचारलं की ही बाई इथंच राहते का.

त्या दुपारी मी तिला माझ्या दहावीच्या निकालाचा घास दिला. संध्याकाळी मी परत तेजू झाले होते.

तेव्हापासून मी निवडून द्यायला लागले. आधी जे गेलं तरी चालेल ते. कॉलेजातली भांडणं, बघायला आलेली स्थळं, हॉस्टेलची खोली, कमळाबाईंची शिकवणी. आपल्याकडे इतकं सामान आहे, अडगळच निम्मी, असं मला वाटायचं. हलकं वाटायचं, खरंच. कामावर सगळे म्हणायचे की मॅडम छान दिसायला लागल्या. मी फिरत होते, जेवत होते, कुठं काही झालंय असं वाटत नव्हतं.

एकदा द्वारका चौकात सिग्नल सुटला आणि मी स्कूटरवर बसून राहिले. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. म्हसरूळला कोणता रस्ता जातो, ते मला येईना. मोबाइल काढून घरचा पत्ता शोधावा, तर पत्त्यातलं घराचं नाव आठवेना. बाबांनी ठेवलेलं नाव. ते मी कुठल्या घासात दिलं होतं कोण जाणे.  शेवटी एका रिक्षावाल्यामागं स्कूटर घालून, विचारत विचारत घरी आले.

आई फाटकात उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली.

७

त्यानंतर ती मागच्या खोलीत जास्त बसायला लागली. एका दुपारी मी डब्यांतला कापूस बदलत होते. ती खुर्चीवर बसून ऐकत होती. तिनं हात पुढं केला म्हणून मी एक गोगलगाय तिच्या तळहातावर ठेवली. शंखाच्या कडेशी अळीचं टोक दिसत होतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, कोण कोणाला खातं, कसं खातं.  गोगलगाय तिच्या हातावर शिंगं काढून चालायला लागली.

"गोगलगायले समजस का?"

मी म्हटलं, नाही कळत. ती जेवत राहते.

आईनं हात जरा डोळ्यांजवळ नेला. ती त्या टोकाकडे बघत होती.

"आनी अळीले?"

 इतकी वर्षं या धंद्यात असून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आईनं गोगलगाय अलगद डब्यात ठेवली, पपईचं कोवळं पान तिच्यापुढं सरकवलं आणि उठून गेली. तिच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघरात गेला. मग तिकडून काहीच आवाज आला नाही. मी बाहेर येऊन पाहिलं तर ती ओट्याला धरून उभी होती, पाठमोरी, आणि कानाखालचा तिचा जबडा हलत होता. मी हाक मारली. तिनं एका हातानं आपली हनुवटी घट्ट धरली. जबडा थांबला नाही.

८

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आईनं वांग्याचं भरीत केलं. वांगी स्वतः भाजली, बाजरीच्या भाकरी थापल्या. लताबाईंना तिनं सुट्टी दिली होती. मला म्हणाली की बस, आज मी वाढते.

मी बसले. तिनं एकच ताट घेतलं आणि माझ्यासमोर मांडी घातली. भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला आणि माझ्या तोंडापुढं धरला. लाड करतेय असं मला वाटलं. मी खाल्ला.

"हाऊ घास लुनाना," ती म्हणाली.

आणि लुना निळी होती. बाबांचा घामेजलेला शर्ट माझ्या गालाला लागत होता. उतरताना पोटरी अशी भाजली की मी ताटापासून पाय मागं ओढला.

दुसरा घास तिनं धरला तेव्हा मी ओठ मिटून घेतले. मी मान हलवत राहिले. मला काय वाटत होतं ते सांगते. जाकीट, निकाल, घराचं नाव, ते सगळं गेलं तर गेलं. घरात येताना कोणी तेजू म्हणणार असेल तर बाकीच्या अडगळीचं मला काय करायचंय. मी तिचा हात धरून खाली ओढला. म्हाताऱ्या हातात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"माय मी शे," ती म्हणाली. "तू नही. तोंड उघड."

दोन वर्षं मी तिला जे म्हणत आले तेच ती मला म्हणत होती. मी तोंड उघडलं.

घाटातलं धुकं आलं, शेखरच्या जाकिटाचा ओला वास आला, हॉस्टेलची खोली, कमळाबाई, नांदगावची आत्या. आई भराभर भरवत होती. मी रडत होते आणि चावत होते. माझं सगळं परत आलं तरी ताटात भाकरी उरली होती आणि तिचा हात थांबेना. सटाण्याच्या कांद्याच्या चाळीचा घास आला. अंधार, उग्र वास, लपाछपीत दाबून धरलेलं हसू. हे माझं नव्हतं. विहिरीचा आला, लग्नाच्या हळदीचा आला, नाशकाला पहिल्यांदा एसटीतून उतरल्याचा आला. मी बस कर म्हणत होते, तरी माझं तोंड दर वेळी उघडत होतं. घास गोड लागत होते. हे मला सांगवत नाही, पण फार गोड लागत होते.

शेवटचा घास तिनं हातातच ठेवला. तिचा चेहरा थकला होता आणि डोळ्यांत माझ्यापलीकडचं काहीतरी होतं. नाव तिला चटकन सापडेना. मी वाट बघत राहिले. उठून जायला हवं होतं, पण मी वाट बघत राहिले.

"हाऊ तुना," ती म्हणाली.

ट्यूबलाइटची फडफड. हिरव्या रंगाच्या भिंती. कमरेखाली आगीचा लोळ उठून गेल्यासारखं रिकामं वाटत होतं. कोणीतरी माझ्या छातीवर काहीतरी ओलं, गरम ठेवलं. मी मान उचलून पाहिलं. चेपलेलं नाक, मिटलेले डोळे, डोक्याला चिकटलेलं काळंभोर जावळ. ते मी होते. मी मलाच बघत होते आणि मला वाटलं की आता मला काही झालं तरी चालेल, हिला काही होऊ नये. इतकं प्रेम एका माणसात मावतं हे मला माहीत नव्हतं. मी स्वतः कोणावरही इतकं कधीच केलं नव्हतं.

मी डोळे उघडले तेव्हा आई पदराला हात पुसत होती. तिचा जबडा स्थिर होता. माझ्या तोंडात घास उरला नव्हता, तरी मी चावत होते. मागच्या खोलीतून खरखर येत होती, त्याच लयीत.

तिनं रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहुण्याकडे बघून हसतात तशी ती हसली. भरीत चांगलं झालेलं दिसतंय, कोणी केलं, असं तिनं मला अदबीनं विचारलं.

मी म्हटलं, माझ्या आईनं.

"मंग तिले बी बलाव ना जेवाले," ती म्हणाली.